बाप्तिस्म्याआधीच माणूस गेला, तर त्याच्या तारणाचं काय?

(पत्रातली नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

नाशिकच्या एका ३८ वर्षांच्या वाचक ताईंचं पत्र आहे. माहेर शरणपूर रोडच्या भागातलं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्यांचा बाप्तिस्मा तान्ह्या असतानाच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या चर्चमध्ये झाला. सासर हिंदू. लग्नानंतर नवरा विश्वासात आला आणि सिडकोतल्या एका स्वतंत्र सहभागितेत (फेलोशिपमध्ये) त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला. पुढे सासू-सासरेही प्रार्थनेला येऊ लागले. सासऱ्यांचा बाप्तिस्मा वर्ग पूर्ण झाला, तारीख ठरली. नेमकं तेव्हाच गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरीला पूर आला आणि नदीतला कार्यक्रम पुढे ढकलला गेला. मधल्या दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. ‘त्यांच्या तारणाबद्दल, म्हणजे पापातून सुटून देवाच्या राज्यात जाण्याबद्दल, खात्रीने काही सांगता येत नाही,’ असं पास्टर म्हणाले. आता ७१ वर्षांच्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या आहेत. वाचा गेली आहे, नाकात नळी आहे. आजारी पडण्याआधी त्यांनी बाप्तिस्म्याची इच्छा अनेकदा बोलून दाखवली होती, पण पास्टरांच्या मते बुडवल्याशिवाय चालत नाही, बरं वाटेपर्यंत थांबा. थोरले दीर म्हणतात, तुम्ही आईच्या आजारपणाचा फायदा घेताय. नवरा विचारतो, बाबांच्या नावाने मी पुन्हा पाण्यात उतरू का? आणि ताईंनाही सांगण्यात आलंय की लहानपणचा बाप्तिस्मा धरला जात नाही, पुढच्या महिन्यात पाण्यात उतरा, नाहीतर तुमचंही तारण नाही. ‘पाण्याशिवाय तारण नाहीच का? मी ऐकू कुणाचं?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात तीन माणसांचा प्रश्न आहे, पण घाई एकाच बाबतीत आहे. सासूबाई आज तुमच्यासमोर आहेत, शुद्धीवर आहेत आणि त्यांना बाप्तिस्मा हवा होता. म्हणून आधी त्यांचं बोलू. मामंजींचा आणि तुमचा प्रश्न खोल आहे, पण तो आठवडाभर थांबू शकतो.

बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा होतच नाही, हे तुमच्या घरात सगळ्यांनी धरूनच चाललंय असं दिसतं. पास्टरांच्या या आग्रहामागे आधार आहे, तो मी नाकारत नाही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठवलं जाणं म्हणतो, आणि ते चित्र बुडवण्यात जसं दिसतं तसं ओंजळभर पाण्यात दिसत नाही. योहान बाप्तिस्मा करणारा एनोनला गेला तो तिथे पाणी मुबलक होतं म्हणून, असंही शुभवर्तमानात लिहिलंय. पण बुडवणं चांगलं आणि बुडवल्याशिवाय बाप्तिस्माच नाही, ही दोन वेगळी विधानं आहेत. ‘डिडाखे’ हे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अगदी पहिल्या काळातलं, पहिल्या शतकाची अखेर ते दुसऱ्याची सुरुवात या दरम्यानचं, शिक्षणाचं छोटं पुस्तक. त्यात बाप्तिस्म्याची सूचना अशी आहे: वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड शक्य नसेल तर कोमट पाण्यात, आणि पुरेसं पाणीच नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे बुडवणारी मंडळीसुद्धा अडचणीच्या वेळी ओतत होती.

सासूबाईंसारख्या रुग्णाचा प्रश्नही नवा नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर कार्थेजचा बिशप कुप्रियन याला एकाने पत्राने हेच विचारलं होतं: आजारपणात अंथरुणावरच ज्यांच्यावर नुसतं पाणी शिंपडलं, न्हाऊ घातलं नाही, ते पुरे ख्रिस्ती धरायचे का? कुप्रियनचं उत्तर होतं, हो. कृपा पाण्याच्या मापाने कमी-जास्त होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. हा माणूस मंडळीच्या शिस्तीबाबत अतिशय कडक होता, म्हणून त्याच्या या उत्तराला माझ्या लेखी जास्त वजन आहे.

तेव्हा बरं वाटेपर्यंत थांबू नका. सिडकोतल्या पास्टरांना एकदा मनापासून विनंती करा. त्यांचा विवेकभाव ओतायला मानत नसेल तर वाद न घालता माहेरच्या चर्चच्या पाळकांना फोन करा. आजारी माणसाला घरी येऊन बाप्तिस्मा देणं त्यांच्या परंपरेत बसतं.

पण त्याआधी एक काम आहे, आणि सगळ्यात जास्त काळजी तिथेच घ्या. सासूबाईंना आज काय हवंय, हे त्यांच्याकडूनच कळलं पाहिजे. पक्षाघातात वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं. पण काही रुग्णांचं ‘हो’ आणि ‘नाही’ यांत गडबडतं, आणि काही जण प्रत्येक प्रश्नाला मान हलवतात. म्हणून आधी खूण ठरवा: हात एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. हात वळत नसेल तर पापण्या. मग ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असे प्रश्न विचारा, आणि त्यात ‘नाही’ हे उत्तर असलेला निदान एक तरी असू द्या. ‘आपण नाशिकला आहोत ना?’ ‘हा तुमचा धाकटा मुलगा का?’ ‘आपण आत्ता दवाखान्यात आहोत का?’ उत्तरं जुळली तरच पुढचं विचारा: ‘येशूवर तुमचा विश्वास आहे?’ ‘बाप्तिस्मा हवाय?’ थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा करा: ‘बाप्तिस्मा नको, असं म्हणायचंय का?’ हे सकाळी करा, कारण संध्याकाळपर्यंत असे रुग्ण थकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारा. दोन्ही दिवस उत्तर तेच आलं तर ती त्यांची इच्छा. ‘नको’ आलं, किंवा गोंधळ वाटला, तर थांबा. त्यांच्या मनाविरुद्ध ओतलेल्या पाण्याने कुणाचंही भलं होत नाही.

हे विचारताना थोरल्या दिरांना समोर बसवा. तुम्हाला ते अवघड वाटेल, पण त्यांच्या संशयाचं खरं उत्तर तेच आहे. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आईला हात दाबताना पाहिलं, हवं तर स्वतःच प्रश्न विचारला, तर निम्मा वाद तिथेच मिटेल. नियमित तपासणाऱ्या डॉक्टरांकडून ‘रुग्ण शुद्धीवर असून साधे प्रश्न समजून उत्तर देते’ अशी तारखेसह दोन ओळींची चिठ्ठी घेऊन ठेवा. राज्यघटनेच्या २५व्या कलमातलं सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य सासूबाईंचं आहे, ते तुमचंही नाही आणि दिरांचंही नाही. धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलतही असतात. म्हणून आधी कुठे सूचना किंवा अर्ज द्यावा लागतो का, हे नाशिकच्या एखाद्या वकिलाला आजच फोन करून विचारा आणि ते सांगतील तसं करा. आणि समारंभाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवू नका. अंथरुणावरच्या बाईचा तो खासगी क्षण आहे.

दिरांच्या मनातली दुसरी भीती ते कदाचित बोलणार नाहीत: आई गेल्यावर अग्नी द्यायचा की पुरायचं? हा विषय तुम्हीच काढा. बाप्तिस्मा झाला म्हणून पुरलंच पाहिजे, असं तारणाच्या शिकवणीत कुठेच नाही. रोमन कॅथलिक चर्चनेही १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. सासूबाईंना त्याच खुणांनी हेही विचारता येईल. आधी ठरलं तर ऐन वेळी दारात भांडण होणार नाही.

आता प्रत्यक्ष कृती. नळीतून अन्न दिल्यावर निदान तासभर जाऊ द्या. पलंगाचं डोकं उशांनी उंच करा, सपाट झोपवून पाणी ओतू नका. गिळता न येणाऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत चार थेंब गेले तरी न्यूमोनियाचा धोका असतो. मानेखाली रबर शीट आणि त्यावर जाड टॉवेल घाला. पाणी साधं, स्वच्छ, कोमट. एक वाटी पुष्कळ झालं. डोकं किंचित मागे करून कपाळाच्या वरच्या कडेला, केस सुरू होतात तिथे धार धरायची, म्हणजे पाणी मागे टॉवेलवर जातं, नाकातोंडाकडे येत नाही. ओले बोट टेकवून भागवू नका, पाणी त्वचेवरून वाहिलं पाहिजे. तीनदा थोडं थोडं ओतायचं, आणि ओतणाऱ्यानेच त्याच वेळी म्हणायचं: ‘अमुक, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ शब्द एकाचे आणि हात दुसऱ्याचा, असं करू नका. पुढे कुणी त्या बाप्तिस्म्यावर शंका घेतली तर ती इथेच निघते. लगेच केस पुसा आणि चादर ओली राहिली नाही ना, पाठीखाली हात घालून बघा. ओल्या गादीवर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली असेल, तर आधी नर्सला विचारल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

आणि पाळक पोहोचायच्या आत रात्रीतून तब्येत ढासळली तर? अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. कॅथलिक चर्चचा नियम तर असा आहे की मंडळी जे करते तेच करण्याचा हेतू असेल, तर ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही असा माणूससुद्धा तो देऊ शकतो. अँग्लिकन परंपरेतही निकडीच्या वेळी सामान्य सभासदाने दिलेला बाप्तिस्मा मानतात. तुम्ही, ताई, वाटीभर पाणी घेऊन वरचे शब्द म्हणू शकता. नंतर पाळकांना दिवस, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं सांगा. नोंदवहीत ते लिहिलं गेलं पाहिजे, आणि नाव आधार कार्डावर आहे तसंच.

आता मामंजी.

पास्टरांनी ज्या वचनांच्या आधारे ‘खात्री नाही’ म्हटलं असेल ती मी ओळखू शकतो. मार्क १६:१६, विश्वास धरून बाप्तिस्मा घेईल त्याचं तारण होईल. योहान ३:५, पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. प्रेषितांची कृत्ये २:३८, पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. पहिल्या पेत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो असंच म्हटलंय. ही वचनं ‘नुसती खूण आहे’ म्हणून झटकता येत नाहीत, आणि झटकणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण ती पूर्ण वाचू या. मार्कच्या वचनाचा उत्तरार्ध पाहा: जो विश्वास धरत नाही तो शिक्षेस पात्र ठरेल. तिथे ‘बाप्तिस्मा घेत नाही’ हे शब्द नाहीत. दोष अविश्वासावर आहे, पाणी राहून जाण्यावर नाही. पेत्र ‘तारतो’ म्हटल्यावर लगेच खुलासा करतो की शरीराचा मळ धुतला जाण्याने नव्हे, तर देवापुढच्या शुद्ध विवेकभावाने, आणि तेही येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या द्वारे. योहानातल्या ‘पाण्या’चा अर्थ बहुतेक जुन्या आचार्यांनी बाप्तिस्मा असाच लावला. काही भाष्यकार यहेज्केल ३६ मधल्या शुद्ध पाण्याच्या आणि नव्या आत्म्याच्या वचनाकडे बोट दाखवतात, कारण येशू बोलत होता तो निकदेम शास्त्र शिकवणारा होता आणि त्याला ते वचन माहीत असणार.

वधस्तंभावरच्या चोराचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी दिलंच असेल. बाप्तिस्मा न घेता त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. उदाहरण खरं आहे, पण एकट्या त्यावर भार टाकू नका. समोरचा लगेच म्हणेल की सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा द्या ही आज्ञा पुनरुत्थानानंतरची आहे, चोर तिच्या आधी गेला. त्यापेक्षा प्रेषितांच्या कृत्यांचं पुस्तक घेऊन बसा आणि नवऱ्याबरोबर वाचा. दुसऱ्या अध्यायात क्रम असा: पश्चात्ताप, बाप्तिस्मा, मग पवित्र आत्म्याचं दान. आठव्यात शोमरोनी लोकांचा बाप्तिस्मा झाला, पण आत्मा नंतर, प्रेषितांनी हात ठेवल्यावर. दहाव्यात कर्नेल्याच्या घरी पेत्राचं बोलणं संपायच्या आत आत्मा उतरला आणि पाणी नंतर आणलं गेलं. एकाच पुस्तकात तीन क्रम आहेत. देव स्वतः ठरावीक क्रमाला बांधून घेत नाही, हे कर्नेल्याच्या घरात जितकं स्पष्ट दिसतं तितकं चोराच्या गोष्टीतही दिसत नाही. आणि त्याच आठव्या अध्यायात शिमोन जादूगार आहे: बाप्तिस्मा झालेला, तरी पेत्र त्याला तोंडावर सांगतो की तुझं अंतःकरण देवापुढे सरळ नाही. पाणी पडलं म्हणजे तारण झालं, हेही खरं नाही.

आता सोळावा अध्याय. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी मध्यरात्री थरथरत विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? उत्तर मिळतं: प्रभू येशूवर विश्वास ठेव. उत्तरात पाणी नाही. पण पुढची ओळ वाचा. त्याच रात्री, त्याच घटकेला त्याने पौल-सीलाच्या जखमा धुतल्या आणि घरच्यांसह लगेच बाप्तिस्मा घेतला. पाणी तारणाची किंमत म्हणून आलं नाही, पण सकाळपर्यंत थांबलंही नाही. माझं सगळं म्हणणं या दोन ओळींत आहे. मंडळ्या भांडतात त्या बहुधा यातली एकच ओळ वाचून.

जुन्या मंडळीने तुमच्या मामंजींसारख्यांचं काय केलं? ३९२ साली रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्मा न होताच मेला. तो घ्यायची त्याची इच्छा होती. अंत्यविधीच्या भाषणात मिलानचा बिशप अँब्रोझ याने त्याच्या शोक करणाऱ्या बहिणींना धीर दिला की ज्या कृपेची त्याने मागणी केली ती त्याला मिळाली. बाप्तिस्मा तारणाला आवश्यक आहे असं ठामपणे शिकवणारं कॅथलिक चर्चही त्याच वाटेवर आहे: शिक्षण घेत असलेला माणूस बाप्तिस्म्याआधी वारला, तर त्याची इच्छा, पश्चात्ताप आणि प्रीती यांमुळे त्याच्या तारणाची खात्री धरतात. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात तर असं वाक्य आहे की देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडलं, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. दुसऱ्या टोकाला प्रेसबिटेरियन मंडळ्यांचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार: बाप्तिस्म्याची हेळसांड मोठं पाप आहे, तरी त्यावाचून कुणाचं तारण होऊच शकत नाही असं नाही, आणि बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा नवा जन्म झालाच असंही नाही. आणि आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. तिच्या सगळ्या सैनिकांना, म्हणजे सभासदांना, तारणाबाहेर ठेवण्याची हिंमत मी करणार नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाने तर याचा विचार फार जवळून केलाय. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला. आणि १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तो येशूच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही शिष्यांसाठी होता. त्या कल्पनेवर तेव्हाही टीका झाली आणि तिच्यात अडचणी आहेतच. पण पाण्याआधीही शिष्य असू शकतो हे ओळखणारं मन आपल्या भाषेत शंभर वर्षांपूर्वी होतं.

मामंजींनी बाप्तिस्मा नाकारला नव्हता. वर्ग पूर्ण केला होता, तारीख घेतली होती. थांबवलं ते पुराने आणि ‘नदीतच’ या आग्रहाने. ज्या वचनांत ताकीद आहे ती नाकारणाऱ्याला आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला देवाने परत पाठवलं, असं म्हणायला पवित्र शास्त्रात मला आधार दिसत नाही. ‘खात्री नाही’ हे वाक्य मनात ठेवू नका. कुणाच्याही अंतःकरणाबद्दल शेवटचं मत देवाचंच, पण तो नियम बाप्तिस्मा झालेल्यांनाही तितकाच लागू आहे.

वडिलांच्या नावाने पाण्यात उतरायचं म्हटलं तर पहिल्या करिंथकरांस १५:२९ मध्ये मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा ओझरता उल्लेख आहे. पण पौल तो आदेश म्हणून देत नाही, आणि मुख्य प्रवाहातली कुठलीही मंडळी तसं करत नाही. नवऱ्याला हळुवारपणे सांगा की बाबांचं राहिलेलं काही त्याने भरून द्यायचं नाहीये.

तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याबद्दल. ‘लहानपणचा धरला जात नाही’ या वाक्यात ‘कोण धरत नाही’ हे राहून गेलंय. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या धरत नाहीत. त्यांच्या मते विश्वास आधी, बाप्तिस्मा नंतर. म्हणून त्यांच्या लेखी तुमचा हा पहिलाच ठरेल. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लूथरन, प्रेसबिटेरियन, मेथडिस्ट धरतात, आणि मानवी विश्वासाच्या आधी देवाची कृपा येते हेच तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यात दिसतं असं म्हणतात. तुमचं सीएनआय तर या वादावर मुद्दाम विचार करून उभं राहिलेलं चर्च आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात जी सहा चर्च एकत्र आली त्यांत अँग्लिकनही होते आणि बाप्टिस्टही. लहान मुलांचा आणि समजत्या वयातल्या विश्वासणाऱ्यांचा, असे दोन्ही बाप्तिस्मे त्यांनी मान्य ठेवले. पण एकाच माणसाला दोन्ही नाहीत. बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो, ही बहुतेक मंडळ्यांची भूमिका जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजातही आहे.

तुमच्या पत्रात विश्वासाबद्दलची शंका मला दिसत नाही. भीती दिसते, आणि तीही मामंजी गेल्यावर आलेली. भीतीने पाण्यात उतरू नका. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी म्हटलं की तो फक्त येशूच्या नावाने झाला नाही, किंवा आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलला नाहीत म्हणून अपुरा, की पुन्हा हीच भीती उभी राहील. स्वतःला एवढं विचारा: कुणी दम दिला नसता, तर मला हे हवं वाटलं असतं का? उत्तर नाही असेल, तर माहेरच्या पाळकांशी बोलून एखाद्या रविवारी मंडळीसमोर बाप्तिस्म्याच्या शपथांचं नूतनीकरण करा आणि साक्ष द्या. दृढीकरण (कन्फर्मेशन) राहिलं असेल तर ते घ्या. पुष्कळांना हवी असते ती स्वतःच्या तोंडाने ‘मी विश्वास धरते’ म्हणायची संधी, आणि ती इथे मिळते. उत्तर हो असेल, म्हणजे अभ्यास करून तुम्हाला प्रामाणिकपणे पटलं असेल की बाळपणी झाला तो बाप्तिस्माच नव्हता, तर तुमच्या विवेकभावाविरुद्ध जा असं मी सांगणार नाही. पण आधी माहेरच्या पाळकांना आणि आईवडिलांना समोर बसून सांगा, त्यांना व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून कळू देऊ नका. आणि त्यानंतर सीएनआयमधल्या सभासदत्वाचं काय होतं, तेही आधीच विचारून घ्या.

तुमच्यासारख्या पत्रांत नेहमी येणारी आणखी एक गोष्ट: बाप्तिस्मा घेणारी व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर १९५० च्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या सवलतींवर याचा परिणाम होतो. मुलांना हे बाप्तिस्म्याआधी सांगणं मंडळीचं कर्तव्य आहे.

आणि बुडवूनच घ्यायचा असेल, तुम्ही किंवा हे वाचणाऱ्या कुणीही, तर धरणाच्या बॅकवॉटरपेक्षा टाकी बरी. बॅकवॉटरला काठाशी गाळ असतो आणि दोन पावलांवर खोली अचानक वाढते. पावसाळ्यात विसर्ग कधी वाढेल ते नदीकाठच्या माणसाला वेळेवर कळतंच असं नाही. सहा फूट लांब, तीन फूट रुंद टाकीत तीन फूट पाणी म्हणजे साधारण १,५०० लिटर. एका हॉलच्या कोपऱ्यात हे होतं, पुरातही होतं. साडी पायात गुंडाळते, म्हणून गडद सुती पंजाबी ड्रेस घाला, ओढणी काढून ठेवा. बाप्तिस्मा देणारे दोघं हवेत, एक मानेखाली आणि एक पाठीखाली. घेणाऱ्याने गुडघे वाकवून मागे झुकायचं, नाकावर रुमाल. फिट येणारे, हृदयरुग्ण, कानाच्या पडद्याला भोक असलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा वयस्कर माणसाला गार पाण्यात उतरवू नका. पाणी कोमट केलं तरी बाप्तिस्मा तोच राहतो.

पुढच्या महिन्याची तुमची तारीख तूर्त रद्द करा. पास्टरांना एवढंच सांगा, की घरात आजारपण आहे, निर्णय झालेला नाही, आणि झाला की मी स्वतः येऊन सांगेन. त्यांनी पुन्हा तारण जाईल म्हटलं, तर प्रेषितांची कृत्ये १० आणि १६ उघडून त्यांच्याबरोबर वाचायला बसा, नवऱ्यालाही बसवा. आज संध्याकाळचा पहिला फोन मात्र माहेरच्या पाळकांना करा: सासूबाई सकाळी कितीला जाग्या असतात, नळीतून अन्न कितीला देता आणि थोरले दीर कुठल्या दिवशी घरी येऊ शकतात, हे आधीच लिहून ठेवा, कारण ते हेच तीन प्रश्न विचारतील.